वेताळ, मॅन्ड्रेक मगावर छापायचे तर परवानगी कुणाची आणि कितीला?

हीट_प्रेस (जळगाव)

जळगावात माझं छपाईचं छोटं युनिट आहे. लग्नाच्या कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करत सुरुवात केली. आता सब्लिमेशनचे मग, डीटीएफचे टी-शर्ट, दुकानदारांच्या दिवाळी भेटी असं बरंच काही चालतं. दिवाळीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक आलं. दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन होतं, मगाच्या एका बाजूला शाळेचं नाव आणि दुसऱ्या बाजूला वेताळ (इंग्रजी कॉमिकमधला फँटम) पाहिजे होता. मी शाळेचं नाव छापून दिलं, वेताळ टाकला नाही. "पन्नास वर्षांपूर्वीचं कॉमिक ते, आता कोण बसलंय विचारायला?" असं म्हणत गृहस्थ जरा नाराजच गेले.

तेव्हापासून डोक्यात आहे की हे रीतसर करता आलं तर? पन्नाशी-साठीची ही मंडळी अशा वस्तूवर हात आखडत नाहीत. साधा मग मी १८० ला देतो, वेताळवाला ३०० ला सहज जाईल. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, चाचा चौधरी, आपला चिंटू अशी यादी तयार आहे. हक्क कुणाकडे असतात, माझ्यासारख्या छोट्या माणसाला ते दारात तरी उभं करतात का, खर्च किती येतो, आणि 'जुनं म्हणजे फुकट' यात तथ्य किती, एवढं जाणकारांनी सांगावं.

शेवभाजी_डबल_तर्री (धुळे)

भो, कसाले इतला इचार करस? बजारमा जाई पाह्य. दप्तरवर छोटा भीम, चड्डीवर छोटा भीम, फुगावर छोटा भीम. कोनी इचारस का? छापी टाक नि मोकया व्हय.

भुसावळ_अप (भुसावळ)

माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्सची एक पेटी भरून आहे, त्यातली बरीचशी भुसावळ स्टेशनच्या स्टॉलवरून घेतलेली. त्यामुळे या धाग्यात नाक खुपसायचा हक्क मला आहे असं समजतो.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने, म्हणजे बेनेट कोलमनने, १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. पण वेताळ त्यांचा कधीच नव्हता. ली फॉक यांनी १९३४ मध्ये मॅन्ड्रेक आणि १९३६ मध्ये वेताळ अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी आणला. ते हक्क किंग फीचर्स सिंडिकेटकडे, म्हणजे हर्स्ट समूहाकडे. टाइम्सवाले परवाना घेऊन छापायचे. बहादूर मात्र देशी, आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठीच घडवलेला. म्हणजे तुमच्या यादीतली पहिली तीन नावं एकाच मासिकातली असली तरी तिघांसाठी एकच दार ठोठावून भागणार नाही.

दुसरं म्हणजे, लोकांना जो वेताळ आठवतो तो नेमका कुठला? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात ती मुखपृष्ठं. ती गोविंद ब्राह्मणिया यांनी इथे भारतात रंगवलेली. उद्या किंग फीचर्सने होकार दिला तरी ती मुखपृष्ठं त्यात येतील असं धरून चालू नका. आतली चित्रं बहुतांशी साय बॅरी यांची, १९६१ पासूनची. १९३६ चा मूळ वेताळ रे मूर यांनी काढलेला, तो बराच वेगळा, जरा उदास दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकाला तो दाखवला तर म्हणेल, हा कोण?

(अवांतर: मूळ कथेत जंगलाच्या देशाचं नाव बंगल्ला होतं. आपल्याकडे वाचकांना बंगाल वाटू नये म्हणून ते डेंकाली केलं गेलं. मगावर 'डेंकाली' लिहिलंत तर मी स्वतः चार घेईन.)

कोर्टाची_पायरी (धुळे)

मी वकिली करते, त्यामुळे थोडं लांबेल.

शेवभाजीभाऊ, कोणी विचारत नाही हे खरं आहे, पण फक्त विचारेपर्यंत. मोठे हक्कमालक हल्ली दिल्ली हायकोर्टातून अनोळखी विक्रेत्यांविरुद्ध सरसकट आदेश घेतात. त्याला वकील मंडळी 'अशोक कुमार ऑर्डर' म्हणतात, कारण समोरचा कोण ते दावा लावताना माहीत नसतं. मग कोर्टाने नेमलेला कमिशनर माल जप्त करायला थेट दुकानात येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.

आता 'जुनं म्हणजे फुकट'. आपल्याकडे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून होते. व्यंगचित्रकार प्राण २०१४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हातचा चाचा चौधरी २०७४ अखेरपर्यंत बंद. आर. के. लक्ष्मण २०१५ मध्ये गेले, त्यांचा कॉमन मॅन २०७५ अखेरपर्यंत. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात. त्या हिशोबाने १९२८ च्या चित्रपटातला मिकी माऊस १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला, १९२९ चा पॉपाय २०२५ ला. मॅन्ड्रेकचे पहिले भाग २०३० ला सुटतील, वेताळाचे २०३२ ला. पण सुटतात ते त्या त्या वर्षाचे भाग. भुसावळवाल्या काकांनी वर सांगितलंच आहे की आपल्या ओळखीचा वेताळ १९६१ नंतरच्या चित्रांतला आहे. त्याची मुदत पुष्कळ पुढे जाते. मिकीचंही तसंच, पांढऱ्या हातमोज्यांचा मिकी १९२९ चा, तो वर्षभर नंतर मोकळा झाला.

आणि कॉपीराइट संपला तरी ट्रेडमार्क उरतो. तो दर दहा वर्षांनी फी भरून नूतनीकरण करत कितीही काळ चालवता येतो. ट्रेडमार्क वस्तूंच्या वर्गानुसार, म्हणजे क्लासनुसार, नोंदतात: चहाचे मग आणि भांडी क्लास २१ मध्ये, कपडे २५, वह्या-स्टिकर १६, पिशव्या-दप्तरं १८, खेळणी २८. तुमच्या शेजारच्या चटईवाल्यांना विचार सुचला तर त्यांचा क्लास २७. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पात्राचं नाव आणि क्लास टाकून आधी पाहा.

शेवभाजी_डबल_तर्री (धुळे)

ताई, नाव बदललं तर? वेताळच्या जागी 'चेटकीवाला बाबा', कपडे जांभळ्याऐवजी हिरवे. आणि व्हॉट्सॲपवर वाचलं होतं की एखादं चित्र पन्नासपेक्षा जास्त वेळा वस्तूवर छापलं की कॉपीराइटच उडतो. मग तर एक्कावन्नाव्या मगापासून सगळं मोकळंच?

कोर्टाची_पायरी (धुळे)

नाव बदलण्यावर निकाल आहे. राज कॉमिक्सच्या नागराजसारखाच हिरवा, नागांची शक्ती असलेला 'नागेश' दुसऱ्या प्रकाशकाने काढला होता. १९९७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो थांबवला. वाचणारी मुलं दोघांत गोंधळणार, हे कोर्टाने धरलं.

पन्नासची गोष्ट कलम १५(२) मधली आहे आणि ती अर्धवट फिरते. ते कलम डिझाइन्सबद्दल आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन मालकाने नोंदवलं नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कुणी ते वस्तूवर पन्नासपेक्षा जास्त वेळा यंत्राने काढलं, तर त्या डिझाइनचा कॉपीराइट संपतो. तुम्ही चोरून एक्कावन्न मग छापलेत म्हणून दुसऱ्याचा हक्क उडत नाही. नाहीतर चोरी मोठी केली की माफ, असा कायदा झाला असता.

एक निकाल मात्र तुमच्या बाजूने सांगते, नाहीतर म्हणाल ताई एकतर्फी बोलतात. 'नॉडी' हे पात्र मुलांच्या कपड्यांवर वापरणाऱ्या इथल्या एका व्यापाऱ्याविरुद्धचा दावा २०१० मध्ये परदेशी मालक हरले. व्यापारी १९९५ पासून ते नाव वापरत होता आणि त्याआधी भारतात नॉडीची ओळख होती याचा पुरावा मालकांना देता आला नाही. पण वेताळाला हा बचाव चालणार नाही. भुसावळकर काकांची पेटीच कोर्टात पुरावा म्हणून उभी राहील.

भुसावळ_अप (भुसावळ)

पेटी मिळणार नाही. झेरॉक्स देईन.

हीट_प्रेस (जळगाव)

ताई, खूप आभार. आता खर्चाचं कुणी सांगेल का? किंग फीचर्सला मेल टाकली तर उत्तर येईल का, की कचऱ्यात जाईल?

चोपड्याची_मुंबईत (सध्या ठाणे)

मी काही वर्षं मुंबईत परवाने देणाऱ्या एजन्सीत होते. कंपनीचं नाव नको, पद्धत सगळीकडे सारखीच आहे.

मोठे हक्कमालक सहसा थेट बोलत नाहीत. प्रत्येक देशासाठी त्यांचा एजंट असतो आणि अर्ज त्याच्याकडे करावा लागतो. तो विचारतो: गेल्या दोन-तीन वर्षांचा ताळेबंद, काय बनवणार, कुठे विकणार (दुकान, ऑनलाइन, कॉर्पोरेट भेटी), वर्षाला किती नग, माल स्वतः बनवणार की दुसऱ्याकडून. मग दोन आकडे येतात. एक रॉयल्टी, विक्रीच्या टक्क्यांत. दुसरा मिनिमम गॅरंटी, धंद्यात सगळे एमजी म्हणतात. माल विको न विको, तेवढी रक्कम द्यायचीच, आणि त्यातला भाग आधी.

छोटा माणूस अडतो तो एमजीला. टक्का ऐकून लोक म्हणतात, दहाच टक्के, देऊ की. हिशोब करून बघा. समजा तुमचा घाऊक दर २०० आणि रॉयल्टी १० टक्के, म्हणजे मगामागे २०. एमजी समजा तीन लाख. ते वसूल व्हायला १५,००० मग विकले पाहिजेत. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे पालथे घातले तरी वर्षात एवढे इंद्रजालवाले सापडतील का, ते तुम्हीच ठरवा. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी येतो, नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी अडकतात.

पैशाइतकाच वेळ मंजुऱ्यांत जातो. ते स्टाइल गाइड देतात, पात्राचे ठरलेले रंग, ठरलेल्या उभ्या राहण्याच्या पद्धती. तुम्ही डिझाइन पाठवायचं, ते 'ओठ जाड झाले' म्हणून परत पाठवणार. मग नमुना, मग तयार मालातला नमुना. होलोग्राम त्यांच्याकडूनच विकत घ्यायचा, मोजून. हिशोब दर तिमाहीला, आणि वह्या तपासायचा हक्क त्यांचा. करार संपल्यावर उरलेला माल विकायला ठराविक मुदत, त्यानंतर नष्ट करा. हे वाक्य लोक वाचत नाहीत आणि मग गोदामात कपाळाला हात लावून बसतात.

खेळण्यांकडे वळायचा विचार असेल तर अजून एक. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मऊ बाहुली काढू म्हणाल तर चिंध्या, डोळे, रंग, सगळ्याची चाचणी. त्यापेक्षा चहाचे मगच बरे.

शेवभाजी_डबल_तर्री (धुळे)

म्हंजे मग इकाना नि वरतून वह्याबी दखाडाना. जाऊ दे भो, लगीनन्या पिशव्याच छाप.

चोपड्याची_मुंबईत (सध्या ठाणे)

थांबा, घाई नको. मधला एक रस्ता आहे आणि आपल्याकडे तो फार कुणी वापरत नाही. ज्यांच्याकडे आधीच परवाना आहे त्यांना माल बनवून देणारा लागतोच. करारात कारखान्याचं नाव कळवून मंजूर करून घ्यावं लागतं, मग तो कारखाना जळगावातला का नसावा? तुम्ही जॉबवर्क घ्या. एमजी त्यांचा, होलोग्राम त्यांचा, तुमची छपाईची मजुरी ठरलेली. फक्त लेखी कामाचा आदेश आणि त्यांच्या परवान्याची प्रत घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नका, आणि जास्तीचा एक नगही काढू नका. बिघडलेले नगसुद्धा मोजून परत द्यायचे. 'थोडा माल बाजूला काढून ठेवला' यात चांगली चांगली युनिटं काळ्या यादीत गेलेली पाहिली आहेत.

दुसरा रस्ता म्हणजे मराठी पात्रं. चिंटू १९९१ मध्ये सकाळमधून सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. अशा ठिकाणी मधे न्यूयॉर्कचं ऑफिस नसतं, बोलणं मराठीत होतं आणि छोट्या प्रमाणावर 'एवढेच नग, एवढाच काळ' असं विचारायला जागा असते. होकार मिळेलच असं मी म्हणत नाही. पण नकार तरी लवकर मिळतो, त्यालाही किंमत आहे.

शाईदौत (अमळनेर)

व्यंगचित्रकाराची बाजू कुणी मांडलीच नाही, म्हणून लिहितो.

तालुक्याच्या एका साप्ताहिकात मी बरीच वर्षं एक पात्र काढायचो. केळीच्या ट्रकवर बसून सगळ्या जिल्ह्याला सल्ले देणारा म्हातारा. लोक ओळखायचे त्याला. एके दिवशी बाजारात चिवड्याच्या पुड्यावर तो दिसला, मिशी उडवलेली, हातात चिवडा. विचारायला गेलो तर चिवडेवाला म्हणाला, "साप्ताहिकाच्या साहेबांना विचारूनच छापलंय." साहेब म्हणाले, "आमच्या अंकातलं चित्र, आमचंच." मानधन त्या काळी चित्रामागे जेमतेम चहा-नाश्त्याचं. मी भांडलो नाही, म्हाताऱ्याला निवृत्त केलं.

हीट_प्रेस भाऊ, तुम्ही विचारता की हक्क कुणाकडे. आमच्यासारख्यांना कधी कुणी विचारतच नाही, आणि तुम्ही अमेरिकेला मेल टाकायला निघालात.

कोर्टाची_पायरी (धुळे)

दादा, तुम्ही साप्ताहिकात पगारावर होतात की बाहेरून चित्रं द्यायचात?

शाईदौत (अमळनेर)

बाहेरून. नोकरी शाळेत होती, चित्रकला शिक्षकाची. लेखी काहीच नाही.

कोर्टाची_पायरी (धुळे)

मग म्हातारा तुमचाच. पगारावर असतात तरी कलम १७ तुमच्या बाजूने होतं. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा मालकाकडे जाणारा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो. बाकी सगळे हक्क, त्यात मग आणि चिवड्याचा पुडा दोन्ही आले, चित्रकाराकडे राहतात, वेगळा करार नसेल तर. मिशी उडवली त्याबद्दल कलम ५७ वेगळं आहे. आपल्या कलाकृतीची अशी मोडतोड झाली आणि त्याने प्रतिष्ठेला बाध येत असेल तर हक्क विकल्यानंतरही चित्रकार तक्रार करू शकतो.

केरळात यावर गाजलेला खटला झाला. टॉम्स या नावाने काढणारे व्ही. टी. थॉमस, त्यांची पात्रं बोबन आणि मोली, मलयाळ मनोरमात चालायची. टॉम्स बाहेर पडल्यावर वाद कोर्टात गेला. नोकरीत लागण्याआधीच त्यांनी ती पात्रं घडवली होती, त्यामुळे बाहेर पडून ती काढायला त्यांना रोखता येणार नाही, असं केरळ हायकोर्टाने ठरवलं. समोर केवढी बलाढ्य कंपनी होती ते लक्षात घ्या.

खापरावरचे_मांडे (शिरपूर)

वाचनखूण साठवली. अमळनेरच्या ट्रकवरच्या आजोबांना मी ओळखते! आमच्याकडे ते साप्ताहिक यायचं. पाच मग माझे धरा.

हीट_प्रेस (जळगाव)

मी इथे वेताळ शोधायला आलो होतो, पण शाईदौत सर, थेटच विचारतो. तुमचा म्हातारा छापायला द्याल? केळी, ट्रक, फुकटचे सल्ले, हे जळगावात मगावर चालणार नाही असं कोण म्हणेल? सुरुवातीला ५०० मग. मगामागे १५ रुपये तुम्हाला, आणि ५०० पैकी अर्ध्याचे पैसे छपाईआधी. तुम्ही नवी सहा चित्रं काढून द्यायची, मजकूर अहिराणीत.

किंग फीचर्सच्या एजंटलाही मेल करणार आहे, पण जॉबवर्कसाठी. चोपडेकर ताई, मेलमध्ये काय लिहायचं ते तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतो.

शाईदौत (अमळनेर)

पंधरा कमी आहेत. वीस करा, आणि मिशीला हात लावायचा नाही. चित्रं देतो, पण म्हातारा माझाच राहील, तुम्हाला फक्त मगावर छापायची परवानगी. टी-शर्टचं नंतर बोलू.

हीट_प्रेस (जळगाव)

वीस कबूल. मिशी कबूल.

शेवभाजी_डबल_तर्री (धुळे)

अहिराणी कोन तपासनार शे? अमळनेरनी नि धुयानी एक नही. माले दखाडा पह्यले. फुकट करसू, एक मग द्या.

कोर्टाची_पायरी (धुळे)

तोंडी 'कबूल' वर थांबू नका, परवाना लेखी आणि सही केलेला लागतो. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कुठल्या वस्तू, किती काळ, कुठला प्रदेश, पैसे कसे आणि कधी. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. आणि परवाना घेऊन वर्षभर वापरलाच नाही तर तो आपोआप संपतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. दोघांनाही या गोष्टी माहीत असाव्यात.

शाईदौत दादा, पात्राचं नाव तुमच्या नावावर ट्रेडमार्क करून घ्या, हीट_प्रेस यांच्या नाही. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी क्लासमागे ४,५०० आहे.

शाईदौत (अमळनेर)

ताई, टी-शर्टचं पुढे होईल म्हणतोय, तर २१ आणि २५ दोन्ही क्लास आत्ताच घेऊ का?

कोर्टाची_पायरी (धुळे)

दोन क्लास म्हणजे दोन फिया. आत्ता २१ घ्या. टी-शर्टचा करार सहीला आला की २५, आणि त्याची फी हीट_प्रेस यांनी भरावी असं करारातच घालून घ्या.